शर्यतीची गाडी की सफरीची?

धंदा थोडा बरा चालू लागला, एकाचे दोन गाळे झाले, की घरात मोटारीचा विषय निघतो. हल्ली तो विषय ‘घ्यावी की नाही’ असा नसतो, ‘कोणती घ्यावी’ असा असतो. वडील म्हणतात, गाडी अशी असावी की पहाटे निघून मुंबईला माल पाहावा आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना पाठ दुखू नये. मुलगा म्हणतो, अब्बा, जमाना वेगाचा आहे, गाडी अशी असावी की सिग्नल सुटताच बाकीचे मागे राहावेत. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. परंतु पैसा एकच आहे आणि तो बहुधा दुकानाच्या गल्ल्यातूनच जायचा आहे. म्हणून हा प्रश्न नुसत्या शौकाचा नाही, तो व्यापाराचाही आहे, आणि त्याचा विचार व्यापाराच्याच पद्धतीने झाला पाहिजे.

<b>एकाच घरातल्या दोन जाती</b>

जगातल्या श्रीमंत मोटारींत या वादाला फार जुनी परंपरा आहे. एका बाजूला शर्यतीच्या धावपट्टीसाठी घडवलेली सुपरकार, दुसऱ्या बाजूला ‘ग्रँड टूरर’, म्हणजे लांबच्या सफरीची गाडी. दोन्ही वेगवान, दोन्ही महाग. फरक आहे तो हेतूचा. एकीचे काम वळण कमीत कमी सेकंदांत कापणे, तर दुसरीचे काम माणूस आणि त्याचे सामान शेकडो किलोमीटर दूर ताजेतवाने पोहोचवणे.

मॅक्लारेन या ब्रिटिश कंपनीने दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बनवले. २०१९ साली आलेल्या तिच्या ‘जीटी’ गाडीत सामानासाठी पुढे-मागे मिळून ५७० लिटर जागा होती. पुढच्याच वर्षी आलेली ७६५ एलटी ही धावपट्टीची गाडी. ती आपल्या मूळ गाडीपेक्षा ८० किलोने हलकी करण्यात आली, आणि त्यासाठी एअर कंडिशनर व रेडिओसुद्धा काढून टाकण्यात आले. गिऱ्हाइकाने मागितले तर ते जादा पैसे न घेता बसवून मिळत, पण कंपनीच्या मते त्या गाडीचा खरा अवतार म्हणजे बिनएसीची गाडी! मे महिन्यात मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला यावर अधिक सांगायला नको.

ही उदाहरणे दूरची वाटत असतील तर आपल्या जवळचे घ्या. क्रांती चौकातून जालना रोडने सरळ पूर्वेला निघाले की शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. तेथे २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे. याच कारखान्यात सुपर्ब ही मागच्या बाकावर ऐसपैस जागा असलेली सफरीची गाडी जोडली जात असे, आणि २०१७ साली येथेच २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस ही अधिक तापट, जमिनीला अधिक लगटून धावणारी गाडीही जोडली गेली. दोघींच्या सांगाड्याची जात एकच, स्वभाव मात्र वेगळे. पुढे या दोन गाड्यांची येथील जुळणी थांबली. २०२४ मध्ये सुपर्ब आणि २०२५ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस या दोन्ही गाड्या प्रत्येकी अवघ्या १०० या संख्येने बाहेरदेशी तयार होऊन आल्या. आज या जातीच्या गाड्या मध्यम व्यापाऱ्याच्या आवाक्यात येतात त्या बहुधा जुन्या बाजारातून, आणि घरातला वाद खरा तेथेच पेटतो.

दुचाकीवाल्या तरुणांसाठीही दाखला आहे. केटीएम आरसी ३९० ही वाकून बसायची, शर्यतीच्या घाटाची गाडी २०१४ मध्ये आली. बजाजने २०१६ च्या अखेरीस त्याच ३७३ सीसी घराण्याचे इंजिन घेऊन डोमिनार काढली. आसन सरळ, वजन जास्त, ताकद थोडी कमी, आणि हेतू लांबचा प्रवास. तात्पर्य, चांगला कारागीर एकाच लोखंडातून तलवारही घडवतो आणि नांगराचा फाळही. आपल्याला कोणते काम करायचे आहे, हे घेणाऱ्याने ठरवायचे असते.

<b>आपल्या रस्त्यांची परीक्षा</b>

गाडी शोरूममध्ये पारखायची नसते, ती आपल्या रस्त्यावर पारखायची असते. क्रांती चौकातून निघणाऱ्या व्यापाऱ्याचे रस्ते ठरलेले आहेत. पश्चिमेला वाळूज व पुढे पुणे, पूर्वेला चिकलठाणा, शेंदरा व जालना, दक्षिणेला पैठण, आणि शहराबाहेर पडून समृद्धी महामार्गाने एकीकडे नागपूर व दुसरीकडे मुंबई.

आधी शहरातले पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. धावपट्टीच्या अनेक गाड्यांचे पोट जमिनीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर असते. आणि हा झाला नियमातला गतिरोधक. गल्लीबोळांतले गतिरोधक कोणत्या नियमाने बांधले जातात हे वाचक जाणतातच. नाक उचलून घेण्याची सोय असलेल्या महागड्या गाड्या आहेत, परंतु दर पन्नास पावलांवर बटण दाबत जाणे म्हणजे पायघोळ वस्त्र उचलून चिखलातून चालण्यासारखे आहे.

आता मोकळा रस्ता घेऊ. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. या रस्त्यावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ती मर्यादा दोन कोटींच्या गाडीलाही आहे आणि दहा लाखांच्या गाडीलाही. शहरापासून नागपूर सुमारे साडेचारशे किलोमीटर. ताशी शंभरची सरासरी धरली तर साडेचार तास लागतील, मग गाडी ताशी ३०० ने पळू शकणारी असो की १८० ने. फरक पडेल तो टोलनाक्यावरून सुटताना, आणि तोही दोन-तीन सेकंदांचा. एवढे सेकंद वाचवण्यासाठी कोणी व्यापारी अर्धे भांडवल मोजेल काय?

साडेचार तासांनी गाडीतून उतरणारा माणूस कसा असेल, यात मात्र मोठा फरक पडतो. धावपट्टीच्या गाडीची स्प्रिंग मुद्दाम कडक असते, कारण वळणावर गाडी झुकू नये. गुळगुळीत पट्टीवर हा गुण आहे. खड्डे आणि सांधे असलेल्या रस्त्यावर मात्र कडक स्प्रिंगमुळे चाक उसळते, आणि उसळलेल्या चाकाची जमिनीवरची पकड सुटते. म्हणजे खराब रस्त्यावर मऊ, लांब हालचालीच्या शॉकअपची गाडी केवळ आरामाचीच नाही, तर अधिक सुरक्षितही ठरते. रॅलीच्या गाड्यांची चाके वर-खाली भरपूर हलतात ती याच कारणाने. टायरचेही तसेच. धावपट्टीच्या टायरवर खाचा कमी असतात. कोरड्या, तापलेल्या पट्टीवर ते जमिनीला चिकटतात, पण साचलेल्या पावसात पाणी बाहेर फेकू शकत नाहीत आणि झिजतातही लवकर.

एक गोष्ट मात्र आरामाच्या गाडीविरुद्धही सांगितली पाहिजे. शांत, थंड गाडीत वेग जाणवत नाही आणि सरळ सिमेंटच्या रस्त्यावर डोळा लागतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून २५ जीव गेले, ही घटना कोणी विसरू नये. गाडी कितीही चांगली असली तरी दर दोन तासांनी थांबणे, टायरची हवा आणि वय तपासणे, आणि झोप अपुरी असेल तर निघूच नये, हे नियम पाळलेच पाहिजेत.

<b>शर्यतीच्या गाडीची बाजू</b>

न्याय करायचा तर दोन्ही पक्ष ऐकले पाहिजेत. धावपट्टीच्या गाडीची बाजू अगदीच पोकळ नाही. वजन कमी करणे, ब्रेक मजबूत करणे, प्रत्येक भाग मोजून बसवणे, ही शिस्त तेथूनच साध्या गाड्यांत उतरली. डिस्क ब्रेकचेच पाहा. १९५३ साली ल मान्सची शर्यत जग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर मारली, आणि आज ते आपल्या मोटारसायकलीला आहेत. वाळूजच्या एन्ड्युरन्ससारख्या कंपन्या ब्रेक, शॉकअप आणि ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनवतात आणि आपल्या शहरातील किती घरांच्या चुली त्या कामावर पेटतात. तेव्हा वेगाच्या विद्येला नावे ठेवणे आपल्याला शोभत नाही.

परंतु विद्या शिकणे वेगळे आणि तिचे सर्वांत महागडे खेळणे दारात उभे करणे वेगळे. धावपट्टीची गाडी घेणाऱ्याला धावपट्टी हवी. २०११ मध्ये फॉर्म्युला वन झाली ते बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडात, जुनी पट्टी चेन्नईजवळ, कारी स्पीडवे कोईम्बतूरला. तिन्ही ठिकाणे येथून हजार किलोमीटरच्या पलीकडे. म्हणजे गाडी चालवायला आधी गाडी ट्रकवर घालून पाठवावी लागेल. ज्याची ऐपत आहे आणि ज्याला खरोखर ती कला शिकायची आहे त्याने अवश्य जावे. पट्टीवरचा वेग पट्टीवर दाखवणारा तरुण हा रात्री अकरा वाजता जालना रोडच्या उड्डाणपुलांवर मर्दुमकी गाजवणाऱ्या तरुणापेक्षा शतपटीने बरा.

<b>दीडशे मर्सिडीजचा धडा</b>

इभ्रतीचा मुद्दा हमखास निघतो. ‘गाडी पाहून पत ठरते’ असे म्हणतात. याचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्याच शहरात झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक आदी मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता आणि त्यासाठी स्टेट बँकेने अर्थसाहाय्य दिले. देशभर गाजावाजा झाला, परदेशी वर्तमानपत्रांनीही दखल घेतली.

या घटनेकडे बहुतेकांनी श्रीमंतीचे प्रदर्शन म्हणून पाहिले. आपण व्यापारी नजरेने पाहू. ६५ कोटींना १५० ने भागले तर गाडीमागे सरासरी ४३ लाख येतात. या मंडळींना शहराचे नाव गाजवायचे होते, पण त्यासाठी त्यांनी धावपट्टीच्या गाड्यांचा ताफा आणला नाही. रोज वापरता येईल, कुटुंब बसेल, गिऱ्हाईक बसेल अशीच गाडी निवडली. दुसरा धडा त्याहून मोठा. दीडशे जण एकत्र गेले म्हणून कंपनी आणि बँक त्यांच्या दारी आली. एकटा गेला असता तर त्याला रांगेत बसावे लागले असते. हा धडा मर्सिडीजपुरता नाही. हिमरूचे सूत घेणाऱ्या विणकरांनी, शिलाई यंत्रे घेणाऱ्या कारखानदारांनी, मालवाहू टेम्पो घेणाऱ्या दुकानदारांनी दहा-पंधराच्या गटाने सौदा केला तर भावही बरा मिळेल आणि सेवाही. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांना तर रोखीचा एकत्र सौदा अधिकच सोयीचा.

निव्वळ इभ्रतीसाठी घेतलेल्या गाडीचे काय होते, हे हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. आपले शहर ज्या राज्यात होते त्या राज्याचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी सिंहासनासारखे आसन असलेली पिवळी रोल्स-रॉइस मागवली. ती येण्यापूर्वीच, १९११ साली, त्यांचे निधन झाले. गाडी पुढे समारंभांपुरती निघत राहिली आणि फारच थोडी धावली. निजामांना ते परवडत होते. ज्याच्या गल्ल्यात उद्या व्यापाऱ्याची हुंडी भरायची आहे, त्याला परवडत नाही.

<b>हिशेबाची वही काय म्हणते?</b>

आता रोकड्या गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर जीएसटी ४० टक्के आहे, लहान मोटारींवर १८ टक्के. पण व्यापाऱ्याने लक्षात ठेवायचे ते हे, की प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट सामान्य दुकानदाराला मिळत नाही. ज्याचा धंदाच मोटारी विकण्याचा, प्रवासी वाहतुकीचा किंवा ड्रायव्हिंग शिकवण्याचा आहे, त्यालाच ते मिळते. मालवाहू वाहनाचे तसे नाही. त्यावर कर १८ टक्के, आणि नियमित जीएसटी भरणाऱ्याला तो वळता करून घेता येतो.

उदाहरण घ्या. करासह १४ लाखांची मोठ्या गटातली मोटार घेतली तर त्यात ४ लाख कर आहे, तो गेला तो गेला. करासह ११ लाख ८० हजारांचा टेम्पो घेतला तर त्यातले १ लाख ८० हजार क्रेडिट म्हणून परत पदरात पडू शकतात. मात्र त्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा दाखवता येत नाही. म्हणून ज्याच्या दुकानाचा माल अजून भाड्याच्या रिक्षातून येतो, त्याची पहिली गाडी मालाची असावी, दुसरी माणसांची.

धंद्यासाठी वापरलेल्या मोटारीवर प्राप्तिकरात वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, तोही धंद्याच्या वापरापुरता. ५० लाखांची गाडी या दराने पाच वर्षांनी वहीत सुमारे २२ लाखांची उरते. बाजारभाव याहून कमी-जास्त असू शकतो. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो, तो विवरणपत्रात वळता करून घ्यायला विसरू नये. कंपनीच्या नावाने किंवा आयात केलेल्या गाडीला महाराष्ट्रात वाहन कर चढ्या दराने लागतो, हेही आधी विचारून घ्यावे.

<b>कारागीर बांधवांसाठी दोन शब्द</b>

गाडी विकत घेणाराच तेवढा या बाजारात नसतो. सीटचे गादीकाम, डेंटिंग-पेंटिंग, टायर, एसी, वायरिंग या कामांत आपले असंख्य बांधव आहेत. सफरीची गाडी लांब चालते आणि वर्षानुवर्षे चालते, तिचे काम गावातल्या कारागिराच्या हाती येते. धावपट्टीच्या गाडीचा कार्बनचा पत्रा आणि सिरॅमिक ब्रेक मुंबईच्या अधिकृत कार्यशाळेतच जातात. म्हणून कारागिरांनी जर्मन व झेक गाड्यांची संगणकी तपासणी, एसी आणि शॉकअपची कामे शिकून घ्यावीत, त्यात पुढची पंधरा वर्षे रोजी आहे.

पण एक इशारा. साधी गाडी ‘शर्यतीची’ करून द्या, असे सांगत तरुण येतात. कोणी स्प्रिंग कापून मागतो, कोणी सायलेन्सर काढून मागतो, कोणी इंजिनचा संगणक बदलून मागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले आहे. अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो आणि बोट दाखवले जाते ते कारागिराकडे. चार पैशांसाठी असे काम घेऊ नये.

जुन्या बाजारातून वेगाची गाडी घेणाऱ्यानेही हेच तपासावे. संगणकात फेरफार झाला आहे काय, ब्रेकच्या डिस्कवर काठ उभा राहिला आहे काय, चारही टायर एकाच जातीचे व वयाचे आहेत काय, सर्व्हिसची नोंद सलग आहे काय. विकणारा नोंदवही दाखवायला टाळाटाळ करत असेल तर सलाम करून परत यावे.

<b>निवड कशी करावी?</b>

आमचे मत स्पष्ट आहे. व्यापाऱ्याची गाडी सफरीचीच असावी. सुपरकार वाईट आहे म्हणून नव्हे, तर तिची ताकद जेथे कामी येते तेथे आपले दुकान नाही म्हणून. घेण्यापूर्वी कागदावर गेल्या वर्षभरातले प्रवास लिहावेत. किती वेळा एकटे गेलो, किती वेळा कुटुंब किंवा माल होता, किती वेळा तीनशे किलोमीटरच्या पुढे गेलो, आणि वेग कमी पडला म्हणून किती सौदे हुकले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या कागदावर शून्य येईल. उशिरा निघाल्यामुळे हुकलेले सौदे मात्र पुष्कळ निघतील, आणि त्यावर कोणत्याही कंपनीने इंजिन काढलेले नाही.

मुलाच्या हौसेला एकदम ‘नाही’ म्हणू नये. त्याला हिशेबाला बसवावे, हा कागद त्याच्याच हाताने लिहून घ्यावा, आणि मग गाडी त्यानेच निवडावी. ज्या मुलाने गाडीचा हिशेब स्वतः केला, तो उद्या दुकानाचाही नीट करील. गाडीपेक्षा तो नफा मोठा आहे.